काळ्या गाडीचं अर्धं बॉनेट

वकीलसाहेबांची अँबॅसडर काळी होती. काळ्या रंगावर सगळं दिसतं. बोट लागलेलं, धूळ बसलेली, पाण्याचा वाळलेला थेंब. सिव्हिल लाइन्समधल्या त्यांच्या बंगल्यावर मी धुणंभांडी करत असे. गाडी ड्रायव्हरच्या हाती. तो सुट्टीवर गेला की धूळ तेवढी मी पुसायची.

एका उन्हाळ्यात बॉनेटवर बारीक गोल ओरखडे दिसू लागले. सावलीत कळत नसत. ऊन पडलं की कोळ्याचं जाळं पसरल्यासारखं वाटे. साहेब चिडले तेव्हा ड्रायव्हरनं माझ्या हाताकडे बोट केलं.

"इच्या बांगड्यांनं झालं, साहेब." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "कोणाच्या नावानं घालून राहिली वं अजून?"

माझा नवरा जाऊन दोन वर्षं झाली होती. दीर बांगड्या फोडायला आला, तेव्हा मी दोन्ही हात पाठीमागे नेले आणि त्याच्यापुढे आणलेच नाहीत. बोलायचं मला जमत नाही. शाळा चौथीत सुटली, चारचौघांत जीभ जड होते. पण माझे हात माझे होते.

बाईसाहेब म्हणाल्या, "काढून ठेव ना गं. नाहीतर उद्यापासून येऊ नकोस."

मी मान आडवी हलवली.

ओरखडे कशानं आले ते मला ठाऊक होतं. गाडीची फडकी धुवायला माझ्याकडेच येत. ड्रायव्हरकडे दोन औषधं होती. चपट्या डब्यातलं मेण लोण्यासारखं मऊ. बाटलीतलं पॉलिश बोटांत चोळलं तर बारीक रेतीसारखं करकरे. तो आधी मेण लावी आणि जास्त चमक यावी म्हणून त्यावर बाटलीतलं घासत बसे, तेही भर उन्हात. म्हणजे लावलेलं मेण खरवडून निघे, वर रंगालाही ओरखडे पडत. घासायचं ते आधी आणि राहायचं ते मागून, हे भांडी घासून कल्हई करणाऱ्याला कोणी शिकवावं लागत नाही.

"मले अर्धं बॉनेट चमकवायले द्या," मी म्हटलं. आवाज इतका बारीक निघाला की बाईसाहेबांनी दोनदा विचारलं. "बांगड्या घालूनच करीन."

दुसऱ्या दिवशी ऊन चढायच्या आत मी पोर्चमध्ये गाडी धुतली. बाटलीतलं थोडंसं ओल्या फडक्यावर घेऊन हलक्या हातानं फिरवलं, पुसून काढलं. मग मेण, अगदी पातळ. बोट ओढून पाहिलं, चिकटेनासं झालं, तेव्हा साहेबांच्या जुन्या धोतराच्या तुकड्यानं पुसलं. मेणाचा दुसरा हात त्याच दिवशी दिला नाही. ओल्या सारवणावर सारवलं की पापुद्रा सुटतो. मेणाचंही तसंच असणार, असं मी धरलं. तो हात दुसऱ्या सकाळी दिला. बांगड्या सारख्या वाजत होत्या. मी त्या वर सरकवल्यासुद्धा नाहीत.

ऊन बॉनेटवर आलं तेव्हा बाईसाहेब वाकून पाहू लागल्या. माझ्या बाजूला त्यांचा चेहरा स्वच्छ दिसला, कुंकवासकट. दुसऱ्या बाजूला जाळं तसंच.

"अगं, मग उरलेलं पण करून टाक."

"आधी या ड्रायव्हरनं म्हणावं. बांगड्यांनं नाही झालं म्हणून."

ड्रायव्हर हसला. "लयच चढली वं तू."

"चढली," मी म्हटलं आणि भांड्यांकडे गेले.

चार दिवस गाडी तशीच हायकोर्टात गेली, बॉनेट अर्धं लखलखीत आणि अर्धं निस्तेज. कोर्टातले वकील विचारत, गाडीला हळद अर्धीच लागली काय? साहेब घरी येऊन हे बाईसाहेबांना सांगत आणि ड्रायव्हरकडे पाहत. मी रोज येत होते, भांडी घासत होते. येऊ नकोस असं पुन्हा कोणी म्हटलं नाही.

पाचव्या दिवशी ड्रायव्हर मोरीपाशी येऊन उभा राहिला. खाली पाहत पुटपुटला, "नाही झालं बांगड्यांनं."

"मले काहून सांगतं? साहेबांले सांग."

"आता नाक घासू काय तुह्यासमोर?"

"नाक नको. तेवढंच म्हन."

साहेब कोर्टाला निघायला पायरीवर आले होते. ड्रायव्हरनं टोपी काढली आणि तेवढंच म्हटलं. मोठ्यानं नाही, पण साहेबांना ऐकू गेलं, मलाही गेलं. साहेब त्याला म्हणाले, "आज रिक्षानं जातो. गाडी इथंच राहू दे."

मी राखेचे हात धुतले, बाटली हलवली आणि दुसऱ्या बाजूला जाऊन उभी राहिले.