'आवाज कसा येते?'

गेल्या सोमवारी सकाळी आमच्या वर्कशॉपमध्ये एक ट्रॅक्टर चक्क माणसाच्या तोंडून सुरू झाला.

आधी थोडं मागचं सांगतो. जळगाव जामोदला माझं ट्रॅक्टर दुरुस्तीचं वर्कशॉप आहे. सुरुवात झाली ती एका पत्र्याच्या पेटीवर आणि उधारीच्या पान्यांवर... आज सात मेकॅनिक आहेत, दोन काउंटर आहेत. जुनं सॉफ्टवेअर म्हणजे नुसतं बिल छापायचं मशीन होतं. कोणता ट्रॅक्टर कुठवर आला, हे विचारायला दिवसभर आरडाओरड चालायची.

दिवाळीनंतर हिंमत केली आणि नवीन सॉफ्टवेअर घेतलं. खरं सांगतो, भारी वस्तू आहे! काउंटरवर तक्रार नोंदवली की आत मेकॅनिकच्या स्क्रीनवर जॉब कार्ड हजर. काम झालं की शेतकऱ्याच्या मोबाईलवर मेसेज. आरडाओरड बंद... पहिले दोन दिवस तर मला चुकल्याचुकल्यासारखं झालं.

त्यात एक रिपोर्टही येतो. कोण किती वेळात काम करतो, ते हिरव्या, पिवळ्या, लाल रंगात. दोन आठवडे सलग काउंटरवरच्या वंदनाताई लाल. एक जॉब कार्ड भरायला त्यांना शेजारच्या काउंटरवरच्या सागरच्या तिप्पट वेळ लागत होता.

वंदनाताई अकरा वर्षांपासून काउंटरवर आहेत. रोज सोनाळ्याहून एसटीनं येतात. मी मनाशी ठरवलं, वय झालं, कॉम्प्युटर जमत नसेल, त्यांना मागे स्पेअर पार्टच्या खोलीत बसवू. एक-दोघांजवळ बोललोही... आणि आमच्याकडे भिंतींनासुद्धा कान आहेत.

सोमवारी आल्या आल्या त्यांनी विचारलं, "भाऊ, मले मागच्या खोलीत बसवून राह्यले म्हणे?"

मी म्हटलं, "पाहू ताई, संध्याकाळी बोलू." त्यांनी पर्स ड्रॉवरमध्ये ठेवली, खुर्ची पुढे ओढली आणि कामाला लागल्या. मी त्यांची नजर चुकवून चहा घेऊन काउंटरमागच्या टायरच्या थप्पीमागे जाऊन उभा राहिलो; तिथून ताईंची स्क्रीन दिसत होती.

तेवढ्यात एक काका आले. ट्रॅक्टर आवाज करते म्हणाले.

"आवाज कसा येते?" ताईंनी विचारलं.

"येते न आवाज."

"हाव, पण कसा? करून दाखवा."

काकांनी इकडेतिकडे पाहिलं. धोतर सावरलं. मग उजवा हात गिअरवर असल्यासारखा धरला आणि डावा पाय हवेत दाबला... "कुईंईंईं!"

"अन् पाय उचलला की?"

"गप."

"पुन्हा दाबा बरं."

"कुईंईंईं!"

रांगेतला एक जण ओरडला, "काका, आता पहिला गिअर टाका अन् निंघा घरी!" सगळं काउंटर हसलं. काका भडकले, "काऊन दात काढून राह्यला बे? तुह्या ट्रॅक्टरचा आवाज काढ न मंग तू!" ताई मात्र हसल्या नाहीत. कान लावून टाईप करत होत्या.

आता गंमत ऐका. नव्या सॉफ्टवेअरमध्ये आवाजाच्या तक्रारीला एकच पर्याय आहे... 'अबनॉर्मल नॉइज'. सागर तो दाबतो आणि मोकळा होतो. ताई तो दाबून खाली शेऱ्याच्या बारीकशा चौकटीत लिहीत होत्या, 'क्लच दाबला की कुईं, सोडला की गप.'

मी चहा तसाच ठेवला आणि आत गेलो. आमचे हेड मेकॅनिक इमरानभाई स्क्रीनसमोरच होते. त्यांनी ती ओळ वाचली आणि ट्रॅक्टरकडे न बघताच हाक मारली, "क्लचचं नवं रिलीज बेरिंग काढून ठेवा रे!"

मी विचारलं, "सागरची कार्डं कशी येतात?"

इमरानभाई हसले. "भाऊ, डॉक्टरकडे पेशंट पाठवाचा अन् चिठ्ठीवर लिहाचं, दुखते! मंग आम्ही शेतकऱ्याले फोन लावतो, ट्रॅक्टरचा एक चक्कर मारतो, तवा समजते. ताईच्या कार्डात चक्करच नाही लागत."

म्हणजे ताई काउंटरवर जी मिनिटं घालवत होत्या, त्यामुळे आत तासचे तास वाचत होते. आणि रिपोर्टला काउंटर तेवढं दिसत होतं.

खूप लाज वाटली राव... माझे उस्ताद सांगायचे, "पहिले कान लाव, मग पाना लाव." त्या कानांवरच मी इथवर आलो. आणि रंग पाहून निर्णय घ्यायला निघालो होतो!

त्याच दुपारी पुण्याच्या सॉफ्टवेअरवाल्या इंजिनिअरला फोन केला. आवाजासाठी वेगळी मोठी चौकट पाहिजे, आणि शेतकऱ्याचा आवाज रेकॉर्ड करायला बटणही. पोरगा हुशार, दोन दिवसांत करून दिलं. चौकटीवर नाव काय टाकू, असं त्यानं विचारलं.

मी म्हटलं, "टाका... आवाज कसा येते?"

तो म्हणाला, "सर, 'येतो' ना?"

"नाही. 'येते'च राहू द्या."

ताईंनी स्क्रीनवर ते पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. "अहो भाऊ, पुण्याचे लोक हासतीन न!" मी म्हटलं, "हसू द्या. तुम्ही काउंटर सोडायचं नाही आता... आणि सागरला शिकवायचं."

काल सागरसमोर एक जण जोरजोरात "धडाड् धडाड्" करत होता. ताईंनी मान वर न करता सांगितलं, "दादा, इतका मोठा येत असता तं तुम्ही इथलोक पोचले नसते. बराबर करून दाखवा."

वंदनाताई फेसबुकवर आहेत, वाचतीलच. ताई, अकरा वर्षं तुम्ही सगळ्यांचं ऐकून घेतलंत... तुमचं ऐकायला मला टायरमागे लपावं लागलं. थँक्यू.