एक्केचाळीस सेंटिमीटर

ऑफिसात तिला सगळे बिनचूकताई म्हणायचे. आधी चेष्टेनं, मग खरोखरच. तिच्या हातून गेलेला आकडा पुन्हा तपासायची कुणाची छाती नव्हती. तिलाही ते आवडायचं, खोटं कशाला बोला!

तिचं काम म्हणजे विमानातून काढलेले फोटो नकाशावर जागच्या जागी बसवायचे. विमानाच्या पोटात कॅमेरा, टपावर उपग्रहांचे सिग्नल पकडणारा अँटेना, आणि कॅमेऱ्याला चिकटून एक डबा. विमान किती कललं, किती वळलं, हे तो डबा क्षणाक्षणाला टिपतो. दोन्हींचा मेळ घातला की प्रत्येक फोटोच्या वेळी कॅमेरा नेमका कुठे आणि कसा होता ते कळतं. फक्त अँटेना आणि कॅमेरा यांच्यातलं अंतर आपण टेपनं मोजून द्यायचं. दहा मिनिटांचं काम.

जमिनीवरची पडताळणी तिचे सख्खे मामा करायचे. रस्त्यावर पांढऱ्या रंगाच्या फुल्या मारायच्या, त्यांची जागा मोजायची आणि फोटोत त्या तिथेच येतात का बघायचं. टेप ताणून कसा धरायचा हे तिला लहानपणी त्यांनीच शिकवलेलं. या खेपेला मात्र फुल्या काही केल्या जुळेनात. चाळीसेक सेंटिमीटरचा घोळ.

"विमान पूर्वेला जाताना फोटो पश्चिमेला सरकलेत आणि परत येताना पूर्वेला," मामा मीटिंगमध्ये म्हणाले. "अगं, माणूस चुकला तर इतक्या शिस्तीत चुकेल का?"

ती सगळ्यांसमोर हसली. "मामा, चष्म्याचा नंबर वाढला असेल तुमचा!"

सगळे खो खो हसले. मामाही हसले, जरा उशिरा. त्यांची मोजणी रद्द झाली आणि महिन्याभरात त्यांनी काम सोडलं.

पुढे एकदा ती हँगरमध्ये गेली होती. विमानाच्या टपावर एक बुजवलेलं भोक दिसलं, म्हणून तिनं मेकॅनिकला सहज विचारलं.

"तिथे गंज होता ना, म्हणून अँटेना मागे सरकवला," तो म्हणाला. "हातभर सरकला असेल. तुम्हाला सांगितलं नाही कुणी?"

तिनं दुरुस्तीची वही मागवली. तारीख त्या उड्डाणाच्या आधीची होती. आणि बिनचूकताईंनी टेप न लावता जुन्या कागदावरचा आकडा उतरवला होता! धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. तरी क्षणभर मनात आलंच, की या मेकॅनिकशिवाय कुणाला काय कळतंय? त्या विचाराचीच तिला जास्त लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी चूक कबूल करणारं साहेबांच्या नावाचं पत्र पर्समध्ये घालून ती मामांकडे गेली. दारात स्कूटर धूळ खात उभी होती.

"चालवतच नाहीत गं," मामी म्हणाली. "नजरेचा भरवसा नाही म्हणे. डॉक्टर म्हणतात डोळे ठणठणीत आहेत, पण ऐकतील तर शपथ!"

तिनं मामांना सगळं सांगून टाकलं. मान काही वर होईना.

"टेप नाही लावलास?"

"नाही लावला, मामा."

त्यांनी पत्र घेतलं, सावकाश वाचलं. "चाळीस नाही, एक्केचाळीस. मी तीनदा मोजलं होतं." मग कागद परत देत म्हणाले, "त्या दिवशी साहेब तसं बोलले असते ना, तर मी त्यांच्याशी कडाकडा भांडलो असतो. पण बोललीस तू. मी म्हटलं, ही काही चुकायची नाही."

तिनं पेन काढलं, चाळीसवर काट मारली आणि एक्केचाळीस लिहिलं.