शेकल्याशिवाय न उठणारी लॉरी

भुताखेतांच्या गोष्टी कुणी सांगायला लागलं की मला भीती नाही, राग येतो. लढाईत मी पलटणीच्या मोटारी दुरुस्त केल्या. मोटार अडली तर तिला कारण असतं, आणि कारण सापडत नसेल तर मिस्त्री गाढव असतो... एवढीच माझी श्रद्धा. तेव्हा पुढचं वाचून ज्यांना हसायचं त्यांनी खुशाल हसावं. मीही हसलो असतो.

आमचं गाव साताऱ्याहून येताना कोरेगावच्या अलीकडे, नदीकाठी. मी पलटणीतून घरी आलो तेव्हा माझ्या थोरल्या भावानं, दादानं, लष्कराच्या मोडीतून एक छोटी लॉरी घेऊन ठेवली होती. मागं उघडा हौदा, आणि केबिनमध्ये दोन सीटांच्या मधोमध पत्र्याच्या झाकणाखाली डिझेलचं इंजिन. तिच्यातून आमचा गूळ सांगलीच्या पेठेत जायचा. गाडी गुणी, पण एक खोड होती – थंडीत सकाळी सुरू होताना जीव नकोसा करायची. एकदा तापली की दिवसभर तक्रार नाही. सकाळी मात्र हँडल मारून मारून खांदे निखळायचे.

पेट्रोलच्या गाडीला ठिणगी असते, डिझेलला नसते. आत हवा दाबली जाते, तापते आणि त्या उष्णतेनं तेल पेटतं. म्हणजे सगळा खेळ उबेचा. हँडल मारताना मागून पांढरा धूर यायचा – तेल पोचतंय, पण पेटत नाही. मी नळीतली हवा काढली, फिल्टर धुतला, तापवायचे प्लग घासले. फरक शून्य!

दादाचा इलाज वेगळाच. गुऱ्हाळाच्या चुलाणातून घमेलंभर निखारे आणायचा आणि इंजिनाखाली सरकवायचा. बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी ठेवतात ना, तशी.

"बाळंतीण हाय ती, बाळ्या. शेकल्याबिगर उठायची न्हाई!"

"दादा, एक दिवस पेट घेईल ती. मग बस बारसं करत."

तो खो खो हसायचा. आणि त्याची बाळंतीण थोड्या वेळात उठायची. मला लय राग यायचा.

त्या पौषात दादाची छाती भरली. अंग असं तापलं की वहिनी कपाळावर ओली घडी ठेवायची आणि ती बघता बघता वाळायची. सकाळी वैद्य आले. नाडी सोडून मला अंगणात घेऊन गेले आणि म्हणाले, "साताऱ्याला न्या, मोठ्या दवाखान्यात. आत्ताच्या आत्ता. माझ्या हातात काय ऱ्हायलं न्हाई."

गावातल्या बैलगाड्या उसाला गेलेल्या. हाताशी होती ती लॉरीच. आम्ही दादाला घोंगड्यात गुंडाळून केबिनमध्ये बसवलं, वहिनी निखारे आणायला गुऱ्हाळाकडं पळाली, मी हँडल घातलं.

पांढरा धूर. पुन्हा पांढरा धूर.

वहिनीनं घमेलं आणून इंजिनाखाली सरकवलं. लालभडक निखारे होते, मी डोळ्यांनी बघितले. मी रेडिएटरमध्ये आडाचं पाणी ओतून वाकतोय तोवर ते काळे पडलेले! वारा नव्हता, दव गळत नव्हतं. वहिनी पुन्हा पळाली, पुन्हा घेऊन आली. तेही विझले. कुणीतरी खालून ऊब शोषून घ्यावी तसं. आणि इंजिनाचं लोखंड असं गार, की हात लावला तर हाडापर्यंत कळ जायची. मी चिंध्या पेटवून हवेच्या तोंडाशी धरल्या. नळी परत सोडली, परत आवळली. लॉरीला आईमाईवरून शिव्या घातल्या, मग तिच्याच पाया पडलो. खरं सांगतो, पाया पडलो. माझा भाऊ आत घुसमटत होता आणि मला येत असलेली सगळी विद्या संपली होती.

वहिनी तिसऱ्यांदा गुऱ्हाळाकडं गेली तेव्हा दादानं आतून हाक मारली.

"बाळ्या... आजून गारच हाय व्हय रं?"

"तू बोलू नकोस दादा. होतीय सुरू."

"गार हाय बिचारी," तो म्हणाला. घोंगड्यातून हात काढून त्यानं मधल्या झाकणावर ठेवला, गाईच्या पाठीवर ठेवावा तसा. थोडा वेळ गेला. "आता मार."

मी हँडल घातलं. अर्धा फेरा झाला असेल-नसेल, इंजिन सुरू! पांढरा धूर नाही, अडखळणं नाही. दिवसभर चाललेल्या इंजिनाचा असतो तसा भरलेला आवाज. रेडिएटरच्या टोपणातून वाफ येत होती. ज्या पाण्यानं माझी बोटं बधिर झाली होती, त्याच पाण्याची वाफ!

"दादा, उठली रं तुझी बाळंतीण!" मी ओरडत केबिनकडं धावलो.

दादा गेला होता. हात तसाच झाकणावर. मी तो उचलला – आडाच्या काठावरचा दगड बरा, इतका गार. मघाशी ज्या अंगावर घडी वाळत होती, ते हे अंग. वैद्य म्हणाले, जीव गेल्यावर अंग गार पडतंच. पडतं हो, मलाही ठाऊक आहे, लढाईत माणसं मरताना बघितलीत मी. पण इतक्यात?

वहिनी घमेलं घेऊन आली ती फाटकातच थांबली. इंजिन चालू होतं. बंद करायचा धीर मला होत नव्हता.

पुढं सांगलीच्या मिस्त्रीकडून इंजिन उघडून घेतलं. तो म्हणाला, "प्लग जळाल्यात, रिंगा झिजल्यात. आवं, थंडीत ही गाडी उठतीय कशी, ह्येच मला कळंना." मी म्हटलं, काही बदलू नका. तेव्हापासून कसल्याही थंडीत लॉरी पहिल्या हँडलला सुरू व्हायची. वहिनी रोज सडा टाकायच्या आधी त्या झाकणावर तळवा ठेवते. मी बघतो आणि न बघितल्यासारखं करतो.

या हिवाळ्यात एकदा ती म्हणाली, "भावजी, ऊब जरा कमी वाटती." मी म्हटलं, तुमचा हात गारठला असेल.

आज सकाळी पहिल्या हँडलला काही झालं नाही. दुसऱ्यालाही नाही. मागून थोडा पांढरा धूर आला. मिस्त्री म्हणून मला याचं कारण ठाऊक आहे – प्लग, रिंगा. एका दिवसाचं काम. भाऊ म्हणून काय करावं ते कळत नाही. गाडी चालवली तर ती ऊब सरते, आणि उभी ठेवली तर गारठते. ती इतके दिवस कशी टिकली, मुळात तिथं होती का, याचा उलगडा मला आजतागायत झालेला नाही, होईलसं वाटतही नाही.

मी हँडल धरून तसाच उभा होतो. वहिनी गुऱ्हाळावर जाऊन घमेलंभर निखारे घेऊन आली, वाकली, आणि इंजिनाखाली सरकवून तिथंच बसून राहिली.