तिसगावच्या नववीने माझा ब्लॉग वाचला

या लेखात एकही फोटो नाही. सवयीने फोटो शोधत खाली सरकणाऱ्यांना आधीच सांगून ठेवतो, नाहीतर नेट गंडलंय असं वाटायचं.

जायचं ठरलं ते सुनीतामुळे. ही माझी कॉलेजची मैत्रीण नगरमधल्या एका संस्थेत काम करते. गावोगावच्या शाळांत जाऊन मुलांशी मोबाईलबद्दल आणि त्यावर भेटणाऱ्या अनोळखी माणसांबद्दल बोलायचं, हे संस्थेचं काम. "ये, बघ, लिही. फक्त मुलांचे फोटो काढायचे नाहीत," असं ती वर्षभर म्हणत होती आणि मी टाळत होतो. पण गेल्या दीड महिन्यात घरात काहीतरी बिनसलं होतं. चौदा वर्षांच्या लेकीने एकाएकी बॅडमिंटन सोडलं. का, तर "कंटाळा आला." तिचा मोबाईल कायम पालथा. निघायच्या आदल्या दिवशी मी नेहमीसारखा माझ्या सॅकसोबत तिचा फोटो काढायला गेलो, तर तिने हात आडवा धरला. "बाबा, माझा फोटो नको. ब्लॉगवर तर कधीच नको."

वयच असं असतं, असं मी बायकोला सांगितलं. मला स्वतःला ते पटलं नव्हतं. सुनीताला विचारू, एवढं मनाशी धरून पुण्याहून सकाळी सहाची एसटी पकडली.

वाघोली ओलांडण्यात बराच वेळ जातो, तो धरूनच निघा. शिरूरला घोडनदी ओलांडली की नगर जिल्हा. सुप्यानंतर हवा कोरडी झाल्याचं ओठांना कळतं. साडेनवाला नगरच्या माळीवाडा स्टँडवर उतरलो. जवळच्या हॉटेलात मिसळ खाल्ली, शंभराच्या आत पोट भरलं. वाढप्याने "सर, रस्सा?" असं तीनदा विचारलं, तिसऱ्यांदा मी हात जोडले. पुढे सुनीताची गाडी होती, पण पाथर्डीची कुठलीही एसटी तिसगावला सोडते. भिंगार मागे पडलं की वर्दळ कमी होते, मग करंजी घाट, आणि तासाभरात तिसगावची जुनी दगडी वेस. बाजारचा दिवस होता. कोथिंबीर, बोंबील आणि नव्या दोरखंडाचा वास एकत्र येत होता. "मुद्दाम बाजारच्या दिवशीच येतो," सुनीता म्हणाली. "पालक गावात असतात. नुसत्या मीटिंगला बोलावलं तर कोणी येत नाही."

नववीचा वर्ग होता. सुनीताचा तिथला एक खेळ आहे. एका काल्पनिक मुलीचं प्रोफाईल ती छापून नेते; त्यावरून अनोळखी माणसाला काय काय कळेल, ते मुलांनी गटागटाने शोधायचं.

इथे मी शहाणपणा केला. "माझाच ब्लॉग घे की! मी कुणाचं नाव, पत्ता, शाळा, काही लिहीत नाही."

"नक्की? ही पोरं सोडत नाहीत."

"शोधू दे."

खरं सांगायचं तर मला शाबासकी हवी होती. बघा, हे काका किती काळजी घेतात, असं सुनीताने वर्गाला म्हणावं, ही इच्छा.

पडद्यावर ब्लॉग उघडला. वीसेक मिनिटांत दोन वेण्यांची, बारीक आवाजाची एक मुलगी कागद घेऊन उभी राहिली.

"काकांची मुलगी बॅडमिंटन खेळती. एका फोटूत पिशवीवर क्लासचं नाव हाय. मंगळवारी आन शुक्रवारी जाती, काकांनी लिव्हलंय. साडेसहाला सुटती." तिने कागद उलटला. "क्लासशेजारी बेकरी हाय. काकांना यायला उशीर झाला की ती बाकड्यावर एकटीच बसून क्रीमरोल खाती. आसं लिव्हलंय, म्याडम. एकटीच."

मागून एक मुलगा ओरडला, "काका, आता घराची किल्ली कुठं ठिवता ते बी लिव्हा!"

वर्ग हसला. मीही हसलो, उशिरा. पुण्यातल्या बेकऱ्यांवरचा तो लेख माझा सगळ्यात जास्त वाचला गेलेला. सुनीताने पडदा बंद केला आणि मुलांना छापलेले कागद वाटले.

दुपारी पालक आले, बाजाराच्या पिशव्यांसकट. त्यांच्याकडून संस्था एक कागद सही करून घेते. त्यावर एकच वाक्य असतं: 'माझ्या मुलाने किंवा मुलीने मोबाईलवर काही वाईट घडल्याचं सांगितलं, तर मी आधी पूर्ण ऐकेन, आणि सांगितलं म्हणून मोबाईल काढून घेणार नाही.'

पहिल्या रांगेतले टोपीवाले आजोबा म्हणाले, "म्याडम, ऐकतो की. पन मला आदी चार शिव्या सुचत्यात."

"द्या ना बाबा. पण त्या माणसाला. नातवाला नको."

"आमच्यात एकच मोबाईल हाय, तो ह्यांच्या खिशात," शेजारच्या बाई नवऱ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या. "पोरांनीच ह्यांचा काढून घ्यावा. लई उपकार व्हतील."

हशा झाला आणि कागद फिरला. एक मी मागून घेतला आणि सही केली.

पाच वाजता वेशीपाशी उभं राहून लेकीला फोन लावला. काय बोलावं सुचेना, म्हणून ते वाक्यच वाचून दाखवलं.

"तू वाचून दाखवतोयस का?" तिने विचारलं.

"हो. सही केलीय खाली."

तिने खोलीचं दार लावल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "एकाने मेसेज केला होता. 'बाकड्यावर एकटी असतेस ना? क्रीमरोल आवडतो ना?' असा."

त्या आजोबांच्या चारही शिव्या माझ्या तोंडाशी आल्या. गिळल्या. "मग?"

"मग ब्लॉक केला. आणि क्लास सोडला."

"परत काही?"

"नाही. एकदाच."

"सांगितलं का नाहीस?"

"मोबाईल गेला असता. आणि ते तुझ्या ब्लॉगमधलं होतं. तुला कसं सांगणार?"

मोबाईलची भीती मी समजू शकलो. पण दीड महिना ती मला वाईट वाटू नये म्हणून गप्प होती, हे ऐकून मी वेशीच्या दगडावर बसलो. सुनीता शेजारीच होती. "स्क्रीनशॉट आहे का विचार," ती हळूच म्हणाली. होता. पोरीने जपून ठेवला होता. म्हणजे तक्रारीला पुरावा होता. अगदी खरं सांगतो, त्या क्षणी मला भूक लागली. वेशीजवळ गरम भजी मिळतात, चांगली असतात.

रात्री नगरला लॉजवर राहिलो. दुसऱ्या दिवशी घोडेगावावरून शनिशिंगणापूरला वळलो. मन हलकं असलं की गर्दीही बरी वाटते. रुईच्या पानांच्या माळा विकणाऱ्या मावशींच्या घराला परंपरेप्रमाणे दार नव्हतं, पडदा होता. त्या मात्र मोबाईलवर बोट फिरवून लॉक उघडत होत्या. मी विचारलंच.

"घराकडं शनिदेव बघतो," त्या म्हणाल्या. "ह्याच्यात कोन कोन बघतंय, मला काय ठावं?"

घरी पोहोचलो तेव्हा लेकीने आईला सगळं सांगून टाकलं होतं. तिघांनी पोलिसांत जाऊन तक्रार केली. ते खातं आता दिसत नाही. कोण होतं ते कळलं नाही, आणि ते मला अजून टोचतं. ब्लॉगवरचे तिचे फोटो आम्ही बापलेकीने बसून काढून टाकले, दोन संध्याकाळी लागल्या. किती वेळा तिला न विचारता टाकले होते, ते तेव्हा दिसलं. बेकऱ्यांचा लेखही गेला. पुढच्या आठवड्यात तिने स्वतःहून रॅकेट काढली. मी वेळेआधी जाऊन बाहेर उभा राहतो.

वर आलेली नावं, वार, वेळा सगळं बदललेलं आहे. खेळसुद्धा बॅडमिंटन नाही. क्रीमरोल तेवढा खरा, तिच्या परवानगीने.

हा लेख टाकण्याआधी तिला वाचायला दिला. तिने पेन्सिलीने एक अख्खा परिच्छेद खोडला. मला वाटतं, तोच सगळ्यात चांगला जमला होता.

"का गं?"

"तो माझा आहे."

काढला.