बुधाजीचं नाक

कळंबोलीच्या ट्रक टर्मिनलमागे बुधाजीचं गॅरेज आहे. गॅरेज म्हणजे चार पत्रे, एक कॉम्प्रेसर आणि बुधाजीचं नाक. बॉनेट उघडायच्या आधी नुसता वास घेऊन तो सांगायचा, क्लच जळलाय की कूलंट गळतंय. लोक पैजा लावायचे आणि हरायचे. कोरोनात ते नाक गेलं. माणूस ठणठणीत बरा झाला, वास काही परत आला नाही. हे त्याने बायकोलासुद्धा सांगितलं नाही. आपल्या नावाची हाव माणसाला काय काय करायला लावते, बोलायची सोय नाही! गिऱ्हाईक आलं की तो पूर्वीसारखाच डोळे मिटून मोठ्याने हुंगायचा आणि मग आवाजावरून, तीस वर्षांच्या अनुभवावरून ठोकून द्यायचा. बहुतेक वेळा बरोबर निघायचं. घात तिथेच झाला.

दमयंती उरणजवळच्या करंजाची कोळीण. जुनी ओम्नी स्वतः चालवत ती रोज पनवेलच्या सोसायट्यांमध्ये मासळी पोचवते. सोसायटीवाले वासाच्या नावाने शंख करतात म्हणून दोन्ही काचा घट्ट लावून गाडी चालवायची तिला सवय. सोमवारी ती गॅरेजवर आली.

"बुधाजीदादा, सकाली चालू केली का टिक-टिक करतं. इथवर येईपर्यंत बंद होतं. न् डोकं जाम दुखतं. धुराचा वास येतो का बग ना. माज्या नाकात तर बोंबीलच भरलेला हाय."

ओम्नीचं इंजिन पुढच्या सीटखालीच असतं. बुधाजीने आत मुंडकं घालून हुंगलं. त्याला ना धूर कळला, ना बोंबील. खरं तर गाडी ठेवून घ्यायची आणि सकाळी थंड असताना चालू करून ऐकायची, हा या धंद्यातला साधा नियम. लोखंड तापलं की फुगतं, फट मिटते, आवाज लपतो. पण दमयंती घाईत होती आणि दोन ट्रक ड्रायव्हर त्याचं नाक बघायला उभे होते.

"धूरबीर काय नाय बाय," तो म्हणाला. "टॅपेट ढिला हाय, तेचीच टिक-टिक. फुडल्या आटवड्यात सोड गाडी."

गुरुवारी सकाळी ओम्नी वेडीवाकडी येत टायरच्या ढिगाला टेकली. दमयंती दाराला धरून उतरली आणि तिथेच मटकन बसली. "अंकिताला बग," एवढंच म्हणाली. अंकिता तिची लेक, त्या दिवशी मदतीला आलेली. शेजारच्या सीटवर तिची मान कलली होती. हाक मारली, हलवलं, गालावर चापट्या मारल्या, पोरगी डोळे उघडेना. त्याने तिला ओढून बाहेर मोकळ्या हवेत आणलं, रिक्षा थांबवली आणि दोघींना दवाखान्यात पोचवलं. "गाडीचा गॅस अंगात भिनलाय," म्हणत डॉक्टरांनी अंकिताला ऑक्सिजन लावला. ती शुद्धीवर येईपर्यंतचा पाऊण तास बुधाजी दवाखान्याच्या पायरीवर बसून होता. रडू येत होतं आणि रडायचीही लाज वाटत होती.

परत येऊन त्याने सीट उचलली. आता घाई नव्हती. इंजिन पार थंड होऊ दिलं, मग चालू केलं. टिक-टिक-टिक. ऐकू येत होतं, सोमवारीही आलं असतं! बंद करून त्याने सायलेन्सरमधून कॉम्प्रेसरची हवा सोडली आणि इंजिनातला धूर बाहेर नेणाऱ्या मॅनिफोल्डच्या सांध्यावर साबणाचं पाणी ओतलं. तिसऱ्या सिलिंडरपाशी फेसाचे बुडबुडे भराभरा फुगले. सांध्यातलं गॅस्केट जळलेलं, सांधा आवळून धरणारा एक स्टड आतच तुटलेला, वर सीटखालच्या झाकणाचं रबर फाटलेलं. धुराला थेट गाडीत वाट.

तुटक्या स्टडवर त्याने नट वेल्ड केला आणि पाना लावला. नट निखळला. पुन्हा वेल्ड केला. एवढासा स्टड, पण इंजिनाच्या हेडमधले आटे गेले असते तर सगळंच मुसळ केरात. दुसऱ्यांदा स्टड कुरकुरत फिरला आणि बाहेर आला. नवं गॅस्केट, नवे स्टड, मधून कडेला थोडे थोडे आवळलेले नट, झाकणाला नवं रबर. काम संपलं तेव्हा उन्हं कलली होती.

दमयंती आली. अंकिता बरी होती, बोलत होती. "दादा, तुज्या नाकानं वाचवलं रे आमाला!" ती म्हणाली. तेच दोन ड्रायव्हर माना डोलवू लागले. गप्प बसायचं, बस. कुणाला काही कळलं नसतं.

"बाय, मला चार-पाच वर्सं वासच येत नाय," बुधाजी म्हणाला. "सोमवारी मी तुला खोटं सांगितलं."

दमयंतीने गाडीतून मासळीची पाटी काढून त्याच्या नाकाखाली धरली. त्याने मान हलवली. तिने पाटी परत गाडीत ठेवली.

"नाक गेलं तर गेलं. तोंड होतं ना तुला?" एवढं बोलून ती दोन्ही काचा उघड्या टाकून निघून गेली.

रात्रभर बुधाजीला झोप नव्हती. दुरुस्तीची खरी परीक्षा थंड इंजिनावर, आणि ते इंजिन आता करंजाला. पहाटे पहिल्या एसटीने तो उरणला उतरला, तिथून रिक्षाने तिच्या दारात. दमयंती पाट्या चढवत होती. त्याला बघून तिने हातातली पाटी खाली ठेवली आणि चावी फिरवली.

इंजिन चालू झालं. बुधाजी गुडघ्यावर बसून ऐकत राहिला. टिक-टिक नव्हती.

"आवाज गेला," तो म्हणाला.

"सोमवारीपन तू असाच बोलला होतास." तिने पलीकडचं दार उघडलं. "बस. अंकिताच्या जागेवर. पनवेलपर्यंत. काच लावून."

बुधाजी बसला. हँडल फिरवून त्याने काच वर केली. दमयंतीने त्याच्याकडे क्षणभर पाहिलं, आपल्या बाजूचीही काच लावली आणि गाडी रस्त्याला घातली.