नियाजभाईंचा पुढचा दात

ज्या माणसाच्या फुंकरीच्या आधारावर मी बावीस वर्षं गायले, त्याला एका वकिलाने ग्राहक आयोगात चारचौघांसमोर खोटारडा ठरवलं. शब्द अर्थातच तो नव्हता. "तक्रारदाराच्या कथनाला काही आधार नाही," असं ते सभ्यपणे म्हणाले. पण ज्याची हयात रंगभूमीवर गेली, त्याला शब्दाआधी सूर ऐकू येतो.

नियाजभाई आमच्या नाटक कंपनीत क्लॅरिनेट वाजवायचे. मी पदाच्या मध्यावर ओळ विसरले की ते तीच ओळ वाद्यावर पुन्हा घेत, मला ती आठवेपर्यंत फिरवत राहत, आणि प्रेक्षक त्यालाच दाद देत. माझ्या अशा किती फजित्या त्यांनी पोटात घातल्या, हे त्यांनी कधी कोणाला सांगितलं नाही. म्हणून मीच सांगते. कंपनी बुडाली. मी शनिवार पेठेत घरी बसले, आणि ते मच्छिंद्रच्या बँडमध्ये वरातीपुढे वाजवू लागले. एकदा रस्त्यात त्यांना लाल कोटात पाहून मी थबकले, तर मलाच म्हणाले, "नंदाताई, तेव्हा प्रेक्षक बसायचे, आता नाचतात. दाद वाढलीच म्हणा की."

येरवड्याला ते आणि त्यांच्या पत्नी खातून, दोघंच राहतात. दर रमजानमध्ये एका संध्याकाळी मला इफ्तारचं बोलावणं असतं. त्या घरची एक रीत आहे. रोजा सोडताना नियाजभाई पहिला खजूर पुढच्या दातांनी अर्धा तोडतात आणि उरलेला अर्धा खातूनभाभींच्या हातावर ठेवतात. लग्न झाल्यापासून हे चाललंय. सुरुवातीला घरात एकच खजूर परवडायचा, मग सवय राहिली.

गेल्या वर्षी मी गेले तो अकरावा रोजा होता. भाभींनी नवं पाकीट आणलं होतं. त्यावर मोठ्या अक्षरांत 'शंभर टक्के बिनबियांचे' असं छापलेलं. अजान झाली, नियाजभाईंनी खजूर दातांत धरून चावला, आणि सुपारी फुटावी तसा आवाज झाला. त्यांनी तळहात पुढे केला. हातात खजूर होता, त्यात शाबूत बी होती, आणि वरचा डावीकडचा पुढचा दात जवळजवळ मुळापासून तुटून पडला होता. त्यांनी चूळ भरली, ते नमाज पढून आले, आणि उरलेला अर्धा खजूर बी काढून भाभींना दिला.

मग त्यांनी ती गोष्ट केली, जी दुसऱ्या कोणी केली नसती. त्यांच्या आईने शिकवलं होतं की केस, नख, दात, शरीरातून जे गळेल ते मातीला द्यावं. रात्रीच्या नमाजला जाताना ते वाट वाकडी करून कब्रस्तानात गेले आणि दाताचा तुकडा आईच्या कबरीशेजारी पुरून आले. भाभींनी बी आणि पाकीट तेवढं जपून ठेवलं.

क्लॅरिनेटचा माउथपीस वरच्या दोन पुढच्या दातांखाली धरावा लागतो. एक दात गेला की हवा निसटते आणि सुराऐवजी शीळ निघते. डॉक्टरांनी काढता-घालता येणारा दात करून दिला. तो एका वरातीत सुराबरोबर बाहेर उडाला आणि नवरदेवाच्या घोडीच्या पायाखाली गेला. पक्का दात बसवायचा खर्च त्यांच्या आवाक्याबाहेर होता. मच्छिंद्रने सांगून टाकलं की दिवाळीपर्यंत जागा ठेवतो, मग कीबोर्डवाला घेईन. म्हणजे प्रश्न दाताचा नव्हता. दात आला नाही तर नियाजभाईंचं वाजवणं संपणार होतं.

त्यांनी खजुराच्या कंपनीला पत्र लिहिलं. उत्तरादाखल पुढच्या खरेदीवर पन्नास टक्के सवलतीचं कूपन आलं. मग फोन केला. तिकडे सुदर्शन नावाचा तक्रार विभागाचा तरुण अधिकारी होता. तो म्हणाला, "अंकल, खजुरात बी असणं नॅचरल आहे."

"मग पाकिटावर बिनबियांचे का छापता?"

"ते मार्केटिंगचं डिपार्टमेंट आहे."

तक्रार दाखल झाली, आणि बऱ्याच तारखांनंतर आम्ही कंपनीच्या त्या वकिलांसमोर उभे राहिलो. त्यांनी आधी माझी विल्हेवाट लावली. साक्षीदार व्यवसायाने नटी आहेत, हे आयोगाने ध्यानात घ्यावं, एवढंच बोलून ते खाली बसले. मी प्रतिज्ञापत्रात पाच पानं लिहिली होती. मग ते नियाजभाईंकडे वळले. बी कुठूनही आणता येते, म्हणाले. साठीच्या माणसाचे दात हलतातच, म्हणाले. आणि शेवटी गोड हसून, "दिवसभर उपाशी असलेला माणूस घाईघाईने चावतो. त्यात कंपनीचा काय दोष?"

नियाजभाई पहिल्यांदा बोलले. "उपाशी माणूस सावकाश खातो, साहेब. घाई भरल्या पोटाला असते."

वकिलांनी मग तुटलेला दात मागितला. तो किडका होता की धड, हे तपासता येईल. नियाजभाईंनी दात कुठे आहे ते सांगितलं. मागच्या बाकावर कोणी तरी हसलं. वकील म्हणाले की पुरावाच पुरला म्हणायचा, उकरून आणा.

"मातीला दिलेलं मी परत मागत नाही."

डॉक्टरांचा कागदही उपयोगाचा नव्हता. नियाजभाई त्यांच्याकडे चार दिवसांनी गेले होते, त्यामुळे त्यावर नुसतं 'दात तुटलेला' एवढंच होतं. आधी तो कसा होता, याला कागदोपत्री उत्तर नव्हतं.

पुढची तारीख दिवाळीच्या तोंडावर पडली. सुनावणीआधी सुदर्शन बाहेर व्हरांड्यात आला. हातात टाईप केलेला कागद. पक्क्या दाताचा सगळा खर्च कंपनी आठवड्यात देईल, फक्त खाली सही हवी. मी चष्मा लावून वाचला. 'माझा दात पूर्वीपासून कमकुवत होता आणि उत्पादनात दोष नव्हता, हे मी मान्य करतो.'

मी नियाजभाईंकडे पाहिलं आणि जीभ आवरली, जे मला जन्मात जमलेलं नाही. सही केली तर लग्नसराईला ते वरातीत उभे राहणार होते. नाही केली तर निकाल कधी, देव जाणे. खातूनभाभी हळूच म्हणाल्या की लिहून टाका, वाजवणं तरी राहील. नियाजभाईंनी पेन घेतलं. कपाळ पुसायला त्यांनी खिशातला रुमाल काढून गुडघ्यावर उलगडला. रुमालात माउथपीस होता. तो लावलेला दात उडाल्यापासून वाजवणं बंद होतं, तरी तो खिशात असायचाच.

ते त्याच्याकडे बघत राहिले. मग पेनची टोपी लावली.

"मुला, इकडे बघ," ते सुदर्शनला म्हणाले. माउथपीसच्या वरच्या अंगाला दोन बारीक खाचा होत्या, शेजारी शेजारी, सारख्या खोलीच्या. "हा मी आदल्या दिवाळीत नवा घेतला. पावती आहे. दिवाळीपासून रमजानपर्यंत एक लग्नसराई वाजवली, त्यात या खाचा पडल्या. उजवी या दाताची. डावी कोणाची? कमकुवत दाताने अशी पडते का?"

सुदर्शनने कागद पुढे सरकवला. "अंकल, ऑफर आजच्यापुरती आहे."

"मग आजच परत न्या."

ती तारीख नुसती पुढे ढकलली गेली. दिवाळी आली आणि गेली, मच्छिंद्रने शब्दाप्रमाणे कीबोर्डवाला घेतला. मी त्याला फोन करून जे बोलले, ते कोणत्याही संहितेत नव्हतं. तो बिचारा ऐकून घेत राहिला, आणि खाचांबद्दल प्रतिज्ञापत्र त्यानेच दिलं.

शेवटच्या सुनावणीला डॉक्टरांचं नवं पत्र जोडलं होतं: दोन्ही दातांनी सारखाच भार घेतल्याशिवाय अशा खाचा पडत नाहीत. आयोगाच्या अध्यक्षांनी माउथपीस हातात घेऊन अंगठ्याचं नख एका खाचेवरून फिरवलं, मग दुसऱ्या. वकिलांना ते सहन होईना. म्हणाले, तक्रारदार खरंच एवढे कलावंत असतील तर त्यांनी वाजवून दाखवावं.

"वाजवता आलं असतं," नियाजभाई म्हणाले, "तर तुमचं तोंड बघायला इथे आलो नसतो."

अध्यक्षांनी भाषा जपून वापरायची समज दिली. निकाल मात्र नियाजभाईंच्या बाजूने लागला. दाताचा खर्च, बुडालेल्या कामाची भरपाई, आणि मनस्तापाबद्दल थोडं वर. चेकबरोबर कंपनीने त्याच खजुरांची बारा पाकिटं सदिच्छा म्हणून धाडली. नियाजभाईंनी ती परत पाठवली. सोबतची चिठ्ठी मी लिहिली, कारण ते फार सौम्य लिहीत होते: 'बिया काढून पाठवावीत.'

दात बसला. ते आता पुन्हा वाजवतात, पण घरी. मच्छिंद्रकडे जागा नाही आणि ते मागायलाही जात नाहीत. सूर साफ निघतो. मला फरक कळत नाही असं मी त्यांना सांगते. ते म्हणतात, हा दात बहिरा आहे. उजव्यातून सूर डोक्यात चढतो, डाव्यातून नुसता दाब कळतो.

यंदा रमजानमध्ये मी गेले, तेव्हा ताटलीत सुटे खजूर होते, मार्केट यार्डातून आणलेले, चांगले बियांसकट. मी भुवया उंचावल्या. भाभी म्हणाल्या की आता पाकीट घरात येत नाही. त्यांनी शेजारी सुरी ठेवली होती.

नियाजभाईंनी सुरी बाजूला सारली. "बी आहे हे माहीत असलं की माणूस जपून चावतो," म्हणाले. अजान झाली. त्यांनी खजूर दातांत धरला. आम्ही दोघी पुढे झुकलो. त्यांनी बीच्या कडेकडेने हळूहळू अर्धा भाग सोडवला, तो भाभींच्या हातावर ठेवला, आणि बी असलेला अर्धा स्वतःकडे ठेवला.