पक्कड बोलतोय

डेल्बर्ट क्रेचेकनं ट्रकमध्ये बसवलेला, एकमेकांशी बोलायचा रेडिओ बंद पडला असं सांगणारा माणूस तुम्हाला नेब्रास्कात भेटला, तर तो खोटं बोलतोय असं खुशाल समजा. हमरस्त्यालगत ट्रकांचा थांबा होता, त्याच्या मागं डेलचं पत्र्याचं दुकान. ड्रायव्हर कॅफेत कॉफी प्यायला जायचा आणि परत येईतो डेल त्याच्या डॅशबोर्डखाली उताणा पडून, पट्टी ठोकून, बॅटरीपासून थेट वायर ओढून मोकळा. सिगारेट लायटरमधून वीज घेणाऱ्यांना तो भिकारडे म्हणायचा. एरियल आरशाच्या दांडीवर बसवायची, पण आधी दांडीचा रंग खरवडून लोखंडाला लोखंड भिडवायचं. मग ट्रकची दोन्ही दारं घट्ट लावायची आणि तेव्हाच मीटर जोडून एरियल जुळवायची. दार उघडं ठेवून एरियल जुळवणारी दुकानंही होती त्या रस्त्यावर. त्यांचं नाव निघालं की डेल थुंकायचा.

हाताला असा गुण, पण माणूस भारी रुसका. राग नाकाच्या शेंड्यावर. आणि राग आला की ओरडेल, चार शिव्या देईल, मोकळा होईल, तर ते नाही. गप्प बसायचा. त्याच्या बायकोनं ते गप्प बसणं एकवीस वर्षं सोसलं आणि बिचारी गेली. आता सोसायला उरला होता एक धाकटा भाऊ, लुमीर.

लुमीर गुरांच्या खाद्याचा ट्रक चालवायचा. लग्न केलं नाही. "बोलायला वेळ कुठून आणू मग?" असं म्हणायचा. रेडिओवर कुणी खरं नाव घेत नाही, प्रत्येकाचं वेगळं नाव असतं. लुमीरचं नाव बडबड्या आणि डेलचं पक्कड. लुमीरच्या ट्रकमधला रेडिओ डेलनंच बसवलेला. बसवताना त्याला चार चारदा सांगितलं होतं, "हे खरखर दाबायचं बटण. खरखर थांबली की हात काढ. आणखी पुढं फिरवलंस तर माणसाचा आवाजही दाबला जाईल. समोरच्याला तू ऐकू येशील, तुला कुणी ऐकू येणार नाही."

"मग बरंच की," लुमीर म्हणाला होता. "मी बोलायचं, तुम्ही ऐकायचं."

तर हा लुमीर जानेवारीतल्या एका बुधवारी, एकोणऐंशी साली, रेडिओच्या एकोणीस नंबरच्या चॅनेलवर बोलता बोलता म्हणाला, "मंडळी, आमच्या पक्कडनं नवी टोपी घेतलीय बरं का! रविवारी चर्चला घालून येतो. देवाला दाखवायला नाही हं, कॅफेतल्या रोझालीला दाखवायला. अठ्ठावन्न वर्षांचा नवरदेव! वाजंत्री मी वाजवतो, जेवण तुमच्याकडं!"

एकोणीस नंबर म्हणजे सगळ्या रस्त्याचा चव्हाटा. चाळीस मैलांतले ड्रायव्हर खो खो हसले. एकानं तर लग्नाची तारीख विचारली. रोझाली विधवा, थांब्यावरचा कॅफे तिचा आणि कॅफेतल्या गल्ल्यावर रेडिओ दिवसभर चालू. तिनंही ऐकलं. डेलला मेल्याहून मेल्यासारखं झालं. टोपी त्यानं खरंच तिच्यासाठी घेतली होती, दुखणं तेच होतं.

झालं. डेल गप्प बसला.

आता हे बाहेरच्याला कळायचं नाही. रस्त्यावर भांडणं चालतात, शिव्या चालतात, पण कुणी तुमचं नाव घेऊन हाक मारली आणि तुम्ही ऐकत असाल, तर ओ द्यायची. वैऱ्यालासुद्धा. निदान "ऐकतोय" एवढं म्हणायचं. हाक ऐकून ओ द्यायची नाही, म्हणजे चारचौघांत सांगायचं की हा माणूस मला मेला. इतकी वाईट गोष्ट त्या रस्त्यावर दुसरी नव्हती, आणि डेल ती सख्ख्या भावाला करत होता.

लुमीर रोज सकाळी निघताना आणि रोज संध्याकाळी परतताना हाक मारायचा. "पक्कड, पक्कड, बडबड्या बोलतोय. आहेस का?" डेल वायरी डागायच्या झाळणीचं टोक पुसत बसायचा. चौथ्या दिवशी लुमीर म्हणाला, "चुकलं रे बाबा. थट्टा केली. एवढं काय मनावर घ्यायचं?" डेलनं आवाज बारीक केला. बंद मात्र केला नाही. भाऊ गयावया करतोय हे त्याला ऐकायचं होतं, आणि हे त्याचं त्यालाही कळत होतं. असली माणसं असतात बघा.

पुढच्या बुधवारी रोझाली स्वतः दुकानात आली. हातात कॉफी, बशीत कोलाची, खसखस भरलेला गोड पाव.

"किती ताणशील डेल? सगळा रस्ता ऐकतोय. तो हाका मारतो आणि तू दगडासारखा."

"त्यानं माझी अब्रू काढली."

"अब्रू! टोपीची?" ती म्हणाली. "मला तर आवडली टोपी."

डेलचे कान लाल झाले. ती गेल्यावर त्यानं ठरवलं, रविवारी चर्चबाहेर लुमीरच्या पाठीत एक गुद्दा घालायचा, म्हणजे मिटलं. रविवार चार दिवसांवर होता.

दुसऱ्याच दिवशी दुपारी बर्फाचं वादळ आलं. तिकडचं वादळ म्हणजे वरून बर्फ पडतो कमी, वाऱ्यानं जमिनीवरचाच उठतो जास्त. पिठासारखा कोरडा. आपलाच हात आपल्याला दिसत नाही. एक वाजता हमरस्ता बंद झाला. सव्वाला रेडिओवर लुमीरचा आवाज आला, स्वच्छ, शेजारी बसल्यासारखा.

"पक्कड, बडबड्या बोलतोय. मी पोस्पिशिलांच्या शेताच्या अलीकडं चरात गेलोय. लागलं काही नाही. पण ट्रक हलत नाही."

डेलनं माईक उचलला. रुसवा, टोपी, सगळं एका क्षणात कुठल्या कुठं गेलं. "ऐकतोय! पक्कड ऐकतोय! तू ट्रकमध्येच थांब!"

मग लुमीर म्हणाला, "आहेस का रे? की नाहीस?"

"आहे! इथंच आहे!"

"मघाशी हा रेडिओ असला खरखरत होता की डोकं उठलं," लुमीर आपल्याच नादात बोलत होता. "बर्फ एरियलवर घासतोय ना. शेवटी ते बटण पार टोकाला फिरवलं तेव्हा गप्प झाला."

डेलला सगळं कळलं. कोरडा बर्फ एरियलवरून सुसाटला की वीज साठते आणि रेडिओ तव्यावरच्या चरबीसारखा तडतडतो, हे त्याला ठाऊक होतं. ते बटण पाव वळसा मागं घेतलं असतं तर डेलचा आवाज लुमीरच्या कानावर पडला असता. पाव वळसा! अकरा मैलांवर, त्यानंच स्वतःच्या हातानं बसवलेल्या रेडिओवर. आणि हे लुमीरला सांगायचं तर त्याच रेडिओतून सांगायचं.

"बटण मागं घे! लुमीर, बटण मागं घे!" तो ओरडला. खरं नाव घेऊन ओरडला.

बर्फ उपसणाऱ्या गाडीचा ड्रायव्हर हार्लन मध्ये बोलला. "पक्कड, त्याला तू ऐकू येत नाहीस. मलाही तो ओ देत नाही. मी निघालोय त्याच्याकडं. पण पुढचं काही दिसत नाही, पायी चालल्यासारखा चाललोय. दीड तास लागेल."

डेलनं पोलिसांना फोन लावला. हार्लनच्या पुढं आम्हीही जाऊ शकत नाही, म्हणाले. त्यानं आपली पिकअप काढली, ती थांब्याच्या आवारातच दिव्याच्या खांबावर आदळली. भिंतीला हात लावत लावत तो दुकानात परत आला तेव्हा लुमीर बोलतच होता.

"आज रस्त्यावर चिटपाखरू नाही. सगळे घरी गेले असतील. पण तू दुकानात आहेस, थोरल्या, मला ठाऊक आहे. तू कुठं जातोस? ऐकतोयस तू. बरं, नको बोलूस. ऐक नुसता."

डेल माईक दाबून "आहे, आहे" म्हणत राहिला. लुमीरनं त्याला लहानपणच्या गोष्टी सांगितल्या. आईनं एकाच कापडातून दोघांचे सदरे कसे शिवले, ते सांगितलं. हसला. मग अडीचच्या सुमाराला त्याचा आवाज बदलला.

"इंजिन बंद पडलं रे. डिझेल गोठलं बहुतेक. हीटर गेला."

"हार्लन पोचतोय. अर्धा तास, लुमीर. अंगावर पोती घे. गाडी सोडू नकोस." डेलला माहीत होतं की हे कुणी ऐकत नाही. तरी तो बोलत होता. दुसरं काय करणार? त्या मुलखात जन्मलेल्या पोराला शिकवतात ती पहिली गोष्ट हीच, की वादळात गाडी सोडायची नाही. लुमीरलाही शिकवलेली. पण एकट्या माणसाचं डोकं थंडीत वेगळंच चालतं. आणि तो स्वतःला एकटा समजत होता.

"पोस्पिशिलांचं घर शंभर पावलांवर आहे," लुमीर म्हणाला. "तारेच्या कुंपणाला धरून जाईन. इथं बसून कुणी यायचं नाही. कुणाला ठाऊकच नाही मी इथं आहे ते."

"सगळ्यांना ठाऊक आहे! अरे सगळे ऐकतायत तुला, गाढवा!"

थोडा वेळ नुसता वारा ऐकू आला. लुमीरनं माईक दाबून धरला होता.

"डेल," तो म्हणाला. त्यानंही खरं नाव घेतलं. "अजून राग आहे तर. बरं. टोपी चांगली दिसते तुला. ते सांगायचं राहिलं होतं."

मग माईक सुटल्याचा खट आवाज आला.

डेल उठला. फळीवर कुणाचं तरी दुरुस्तीला आलेलं ताकद वाढवायचं यंत्र पडलं होतं, कायद्यानं बंदी असलेलं. उभ्या आयुष्यात त्यानं असलं यंत्र रेडिओला लावलं नव्हतं, लावणाऱ्याला दारात उभं केलं नव्हतं. जोर इतका वाढला तर टोकाला फिरवलेलं बटणही कदाचित आवाज अडवू शकणार नव्हतं. त्यानं ते लावलं. वायर तीनदा सुटली. लावायला सहा मिनिटं लागली. माईक दाबला तसे दुकानातले दिवे मंद झाले.

"लुमीर! राग नाही! अरे राग नाही रे! ट्रकमध्ये बस! मी इथंच आहे, मी ऐकतोय, राग नाही!"

बोलला, थांबला, ऐकलं. परत बोलला. लुमीर अजून ट्रकमध्ये आहे की निघाला, हे कळायला मार्ग नव्हता. म्हणून थांबताही येत नव्हतं. रोझाली कॅफेतून आली आणि त्याच्या मागं उभी राहिली. त्याचा घसा बसला तरी तो बोलत होता. शेवटी यंत्रातून जळका वास आला आणि दिवे पुन्हा लख्ख झाले.

तीन वाजून पाच मिनिटांनी हार्लन बोलला. "पक्कड, ट्रक सापडला. आत कोणी नाही. सीट अजून गरम आहे रे."

लुमीर दुसऱ्या दिवशी सकाळी सापडला. कुंपणाला धरून उलट्या बाजूला गेला होता. ट्रकपासून सत्तर पावलांवर.

दफनाला रस्त्यावरचे ड्रायव्हर आले, कुठून कुठून आले. ज्यांचे चेहरे डेलनं कधी पाहिले नव्हते, नुसते आवाज ओळखीचे, असेही आले. एक उंच म्हातारा ड्रायव्हर त्याचा हात हातात घेऊन म्हणाला, "मी त्या दिवशी ओमाहाच्या अलीकडं अडकलो होतो. नव्वद मैल. तिथं ऐकलं मी तुला. मनाला लावून घेऊ नकोस. तू भावाला किती हाका मारल्यास, ते आम्ही सगळ्यांनी ऐकलंय."

"हो," डेल म्हणाला. "सगळ्यांनी ऐकलं."